संध्याकाळी वाकडा पडणारा पाय

टोकियोतले बालमेंदूविकारतज्ज्ञ मासाया सेगावा यांनी १९७१ साली दोन मुलींची हकीकत जपानी भाषेत प्रसिद्ध केली. दोघी एकमेकींच्या नात्यातल्या. चालताना पाऊल आत वळायचे, अंग आखडायचे, तोल जायचा. एवढ्यात नवल काही नव्हते. अशी मुले प्रत्येक मोठ्या रुग्णालयात येतात. नवल होते ते वेळेचे. झोपून उठल्यावर या मुली बऱ्यापैकी मोकळेपणाने वावरत आणि दिवस कलू लागला की त्यांचे पाय ऐकेनासे होत. त्यांच्यावर लेव्होडोपा हे औषध विलक्षण लागू पडले. हे औषध त्या काळी कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, वयस्क रुग्णांसाठी नुकतेच रुळत होते. १९७६ साली सेगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विकार इंग्रजीतून सविस्तर मांडला. आज तो सेगावा विकार म्हणून ओळखला जातो. त्याचे दुसरे नाव ‘डोपाला दाद देणारा डिस्टोनिया’. स्नायू आपसूक आवळून हात, पाय किंवा मान पिळवटली जाणे म्हणजे डिस्टोनिया.

‘मेंदूतल्या रसायनांचा समतोल बिघडलाय’ हे वाक्य आता घराघरांत ऐकू येते. उदासपणापासून तापटपणापर्यंत कशालाही ते लावले जाते, आणि पुष्कळदा त्यामागे कोणतेही मोजमाप नसते. आनुवंशिक मेंदूविकारांच्या एका गटात मात्र ते अक्षरशः खरे आहे. कोणते रसायन कमी आहे, किती कमी आहे, कोणत्या जनुकातल्या कोणत्या चुकीमुळे कमी आहे, हे तिथे दाखवता येते. काही विकारांत ती तूट भरूनही काढता येते. सेगावा विकार हा त्यातला सर्वांत आशादायक, आणि दुर्दैवाने अजूनही सहज निसटणारा.

तो निसटतो कसा, हे समजून घ्यायला हवे. त्रास बहुधा पाच-सहा वर्षांच्या वयात सुरू होतो, मुलांपेक्षा मुलींत जास्त. आधी एक पाऊल वळते, टाच टेकत नाही, चप्पल एकाच बाजूने झिजते. शाळेत जाताना मूल ठीक असते, घरी येताना लंगडते, रात्री जेवायच्या वेळेला त्याला उचलून आणावे लागते. थोडी झोप झाली की पुन्हा बरे. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो. पहाटेच्या एसटीने निघून, केसपेपर काढून आई-वडील मुलीला डॉक्टरांपुढे उभे करतात, तेव्हा दिवसातली तिची सर्वांत चांगली वेळ असते. वाटेत तिचा डोळा लागला असेल तर मग बघायलाच नको. डॉक्टरांना दिसते ती जवळजवळ नीट चालणारी मुलगी आणि काळजीने जास्तच बोलणारी आई. संध्याकाळचा पाय त्यांना दिसतच नाही.

मग निदानांची रांग लागते. लहान वयात सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला झालेली इजा. थोड्या मोठ्या मुलीत ‘मनाचे आहे’, ‘शाळा चुकवायला करते’, हिस्टेरिया. घरात ‘बाहेरचे काहीतरी’. सकाळी चांगली आणि संध्याकाळी वाईट, हा नेमका ओळखीचा धागा. तोच मुलीच्या विरोधात पुरावा म्हणून वापरला जातो. खरेच आजारी असती तर दिवसभर आजारी असती, असा हिशेब मांडतात. पाय सोडवायची शस्त्रक्रिया, कॅलिपर, कुबड्या, व्हीलचेअर या वाटेने गेलेले आणि प्रौढपणी योग्य औषध मिळालेले रुग्ण वैद्यकीय वाङ्मयात पुष्कळ आहेत. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ जाणे हे या विकारात अपवादात्मक नाही.

आता मेंदूत काय बिनसलेले असते ते पाहू.

हालचाल सुरू करणे, ती मापात ठेवणे, नको ते स्नायू सैल सोडणे, ही कामे मेंदूच्या गाभ्यातल्या बेसल गँग्लिया या केंद्रांवर सोपवलेली असतात. तिथे डोपामिन हे रसायन लागते. ते अन्नातून थेट मिळत नाही, मेंदूतल्या पेशी ते जागच्या जागी बनवतात. डाळी, दूध, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांतून फेनिलअॅलॅनिन नावाचे अमिनो आम्ल येते. त्याचे टायरोसिन होते, टायरोसिनचे लेव्होडोपा आणि लेव्होडोपाचे डोपामिन. प्रत्येक पायरीवर एक वेगळे एन्झाइम काम करते. यातली दुसरी पायरी, म्हणजे टायरोसिनपासून लेव्होडोपा, सर्वांत संथ असते आणि एकूण किती डोपामिन तयार होणार हे तीच ठरवते. तिच्यावरच्या एन्झाइमचे नाव टायरोसिन हायड्रॉक्सिलेज. या एन्झाइमला एकट्याने काम जमत नाही. त्याला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा मदतनीस रेणू लागतो. नाव लांबलचक असल्याने डॉक्टर त्याला बीएच-४ म्हणतात.

पिठाच्या गिरणीत गहू भरपूर आहे, जातेही शाबूत आहे, पण विजेचा दाब कमी आहे, असे झाले तर काय होईल? दळण पडेल, पण थोडे. रात्री गिऱ्हाईक नसताना जेवढे पीठ साठते तेवढ्यावर सकाळ निभावते आणि दुपारनंतर पिंप रिकामे होते. सेगावा विकारात बीएच-४ कमी पडतो. डोपामिन थोडे थोडे बनत राहते, झोपेत त्याचा साठा होतो, दिवसभराच्या हालचालींत तो संपत जातो. संध्याकाळी वळणाऱ्या पावलाचे सर्वमान्य स्पष्टीकरण हेच आहे. यात मेंदूतल्या पेशी मेलेल्या नसतात. गिरणी जागेवर असते. म्हणून अडलेली पायरी ओलांडून वरून तयार लेव्होडोपा पुरवला की पुढचे सगळे काम पेशी स्वतः करतात.

या संशोधनाच्या मागे एका माणसाची तीस वर्षांची चिकाटी आहे. जपानी जैवरसायनशास्त्रज्ञ तोशिहारु नागात्सु यांनी १९६४ साली अमेरिकेत काम करताना सहकाऱ्यांसह टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम शोधून काढले. ते डोपामिनची किल्ली आहे हे तेव्हाच उमगले होते. पुढे १९९४ मध्ये हिरोशी इचिनोसे आणि नागात्सु यांच्या गटानेच सेगावा विकाराचे जनुक दाखवून दिले. ते चौदाव्या गुणसूत्रावर आहे, नाव जीसीएच-१. बीएच-४ बनवण्याच्या मार्गावरचे पहिले एन्झाइम हे जनुक घडवते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. इथे त्यातली एक बिघडली तरी विकार होऊ शकतो. बिघडलेली प्रत पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता प्रत्येक अपत्याला निम्मी. पण ती प्रत असलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. एखाद्या घरात आजीला काहीच नाही, वडिलांचा हात लिहिताना थोडा आखडतो, आणि मुलीला चालता येत नाही, असे चित्र दिसू शकते. ‘आमच्या घराण्यात असे कुणालाच नाही’ हे वाक्य म्हणून इथे फारसे भरवशाचे नाही.

ज्या औषधाने या मुली चालू लागतात त्याची कहाणी भारताशी, आणि विशेषतः मुंबईशी, जोडलेली आहे. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही.

लेव्होडोपा निसर्गात सापडतो. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकला जातीच्या शेंगांच्या बियांतून तो वेगळा केला. त्यांनी तो स्वतः अडीच ग्रॅम खाऊन पाहिला आणि त्यांना उलट्या झाल्या. त्याचे पुढे काय करायचे हे कुणाला कळले नाही. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी तो खाजकुयलीच्या बियांत दाखवला. रानात जिच्या शेंगेच्या नुसत्या स्पर्शाने अंगाची आग होते तीच ही खाजकुयली. आयुर्वेदात तिच्या बियांना कवचबीज म्हणतात. तरीही पुढची वीस वर्षे लेव्होडोपा हा फक्त वाटेतला एक टप्पा मानला गेला. डोपामिनलाही स्वतःचे काही काम असेल अशी कल्पना फारशी कुणी केली नव्हती.

तो समज मोडला तो दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीमुळे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे पद्धतशीरपणे मांडले. पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले ते त्या लेखाने. १९५२ साली बाझेलच्या सिबा कंपनीत मुळीतले मुख्य द्रव्य, रिसर्पिन, वेगळे झाले. रक्तदाब उतरायचा, पण मोठ्या मात्रेने काही रुग्ण मंदावायचे, पार्किन्सनच्या रुग्णांसारखे ताठ व्हायचे. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन टोचले. ससे निश्चल झाले, कान खाली पडले. मग त्यांनी लेव्होडोपा टोचला आणि थोड्याच वेळात ससे सावध होऊन हलू लागले. १९५७ साली ‘नेचर’मध्ये हा प्रयोग छापून आला. पुढच्याच वर्षी कार्लसन यांच्या गटाने दाखवले की रिसर्पिन मेंदूतले डोपामिन रिते करते आणि लेव्होडोपा ते परत आणते. डोपामिन हा मेंदूतल्या पेशींमधला निरोप्या आहे हे मान्य व्हायला वेळ लागला. कार्लसन यांना नोबेल मिळाले ते थेट २००० साली.

१९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकेविच यांनी पार्किन्सनने वारलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले आणि डोपामिन अतिशय कमी असल्याचे दाखवले. वर्षभराने रुग्णांना लेव्होडोपा टोचून पाहिला गेला, तेव्हा अंथरुणावरून न उठणारी माणसे काही तास उठून चालली. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडाने द्यायची मात्रा हळूहळू वाढवत नेण्याची रीत बसवली आणि औषध रोजच्या वापरात आले. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या इतिहासाचा अभिमान जरूर वाटावा. पण बाजारात मिळणाऱ्या चूर्णात लेव्होडोपा किती आहे हे प्रत्येक वेळी वेगळे असू शकते, आणि सेगावा विकाराच्या मुलांना तर फार मोजून मात्रा लागते. घरच्या घरी हा प्रयोग कुणी करू नये.

गोळीत आज लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असतो. एकटा लेव्होडोपा पोटातून निघून मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच बहुतेक सगळा डोपामिनमध्ये बदलतो, म्हणून मळमळते आणि मेंदूला थोडाच मिळतो. कार्बिडोपा हे वाटेतले रूपांतर रोखतो. ही जोडगोळी भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि सिंडोपासारख्या नावांनी तालुक्याच्या दुकानातही मिळते. मुलांमध्ये दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक मिलिग्रॅम लेव्होडोपापासून सुरुवात करून सावकाश वाढवतात. फरक कधी काही दिवसांत दिसतो, कधी काही आठवड्यांनी.

औषध तेच असले तरी पार्किन्सन आणि सेगावा विकार यांच्यात मूलभूत फरक आहे. पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. सुरुवातीला लेव्होडोपा छान लागू पडतो, पण काही वर्षांनी गोळीचा असर लवकर ओसरू लागतो, अंग वळवळू लागते, मात्रा वाढत जाते. सेगावा विकारात पेशी जिवंत असल्याने तेच औषध थोड्या मात्रेत दशकानुदशके काम करते. योग्य वेळी सुरू झाले तर मुलगी शाळा, नोकरी, संसार सगळे करते. डोपामिनची तूट दोन्हीकडे, पण एकीकडे ती आजाराचे मूळ आहे आणि दुसरीकडे आजाराने केलेल्या नासधुशीचा परिणाम. ‘कोणते रसायन कमी आहे’ या प्रश्नाइतकाच ‘ते का कमी आहे’ हा प्रश्न मोलाचा आहे. किंबहुना उपचार किती टिकणार हे दुसऱ्याच प्रश्नावर ठरते.

याची सर्वांत कठोर साक्ष हंटिंग्टन विकार देतो. १८७२ साली अमेरिकेतल्या जॉर्ज हंटिंग्टन या तरुण डॉक्टरने त्याचे वर्णन केले. बहुधा तिशी-चाळिशीत हातापायांच्या नाचऱ्या हालचाली, स्वभावात बदल, पुढे बुद्धिभ्रंश. १९९३ साली त्याचे जनुक सापडले. सीएजी ही तीन अक्षरे त्यात ४० किंवा अधिक वेळा लागोपाठ आली की विकार होतो. इथेही रसायनांचा समतोल बिघडलेला मोजता येतो. १९७३ साली कॅनडात थॉमस पेरी आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या मेंदूत गाबा हे शमवणारे रसायन घटल्याचे दाखवले. गाबा कमी म्हणून ते वाढवून पाहण्याचे प्रयत्न झाले. निष्फळ ठरले. कारण गाबा कमी होते ते बनवणाऱ्या पेशी मरत होत्या म्हणून. नाचऱ्या हालचाली आवरायला आज टेट्राबेनझिन वापरतात. ते डोपामिनच्या साठवणुकीला अटकाव करते, म्हणजे साधारण तेच, जे सर्पगंधेतले रिसर्पिन करते. अमेरिकेत त्याला २००८ साली मान्यता मिळाली. हालचाली कमी होतात, रुग्णाला घास तोंडात नेता येतो, याचे मोल घरच्यांना विचारावे. पण पेशींचे मरण त्याने थांबत नाही.

आता डोपामिनच्या त्या साखळीकडे परत येऊ. कारण तिची जवळजवळ प्रत्येक कडी कुठल्या ना कुठल्या घरात तुटलेली असते, आणि कोणती कडी तुटली यावर सगळे अवलंबून आहे.

पहिली कडी, फेनिलअॅलॅनिनपासून टायरोसिन, तुटली की फेनिलकिटोन्युरिया. १९३४ साली नॉर्वेत दोन मतिमंद मुलांच्या आईने, मुलांच्या लघवीला विचित्र वास येतो हा धागा सोडायला नकार दिला. ती आस्बयॉर्न फोलिंग या डॉक्टरांपर्यंत पोहोचली. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइड घातले आणि रंग हिरवा झाला. त्यातून फेनिलअॅलॅनिन शरीरात साचण्याचा हा विकार कळला. साचलेले फेनिलअॅलॅनिन मेंदूला घातक ठरतेच, शिवाय टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन (सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचा कच्चा माल) यांना मेंदूत शिरू देत नाही, त्यामुळे डोपामिन आणि सेरोटोनिन दोन्ही घटतात. १९५३ साली बर्मिंगहॅममध्ये होर्स्ट बिकल आणि सहकाऱ्यांनी फेनिलअॅलॅनिन कमी केलेला आहार देऊन एका मुलीत सुधारणा दाखवली. जन्मल्या जन्मल्या हा आहार सुरू झाला तर बुद्धी शाबूत राहते. रॉबर्ट गथ्री यांनी अमेरिकेत टाचेतून रक्ताचा थेंब टिपकागदावर घेऊन तपासण्याची साधी पद्धत बसवल्यावर अनेक देशांत प्रत्येक बाळाची तपासणी सुरू झाली. आपल्या शेजारी गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर नवजात बाळांच्या अशा तपासणीला सुरुवात केली. संपूर्ण भारतात ती अजून सक्तीची नाही, आणि ही उणीव फार महागात पडते आहे.

काही मुले मात्र नेमका आहार पाळूनही खालावत जात. १९७०च्या दशकात लंडनच्या इझाबेल स्मिथ यांनी अशा मुलांकडे लक्ष वेधले. पुढे उलगडले की त्यांच्यात बीएच-४ जवळपास नसतोच. हाच मदतनीस पहिल्या कडीलाही लागतो, डोपामिनलाही, सेरोटोनिनलाही. सेगावा विकारात बीएच-४ थोडा तरी असतो, म्हणून फेनिलअॅलॅनिन वाढत नाही आणि टाचेच्या रक्ताची तपासणी त्या मुलींना पकडू शकत नाही. बीएच-४ जवळपास नसलेल्या मुलांना मात्र आहारासोबत लेव्होडोपा आणि सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य दोन्ही द्यावी लागतात.

दोन रसायनांची तूट असताना एकच भरून काढली तर काय होते, हे कॅलिफोर्नियातल्या जुळ्या भावंडांनी जगाला दाखवले. दोघांना दोन वर्षांचे असताना सेरेब्रल पाल्सी ठरवले होते. आईने वर्तमानपत्रातला एक जुना लेख वाचला, त्यात डोपाला दाद देणाऱ्या डिस्टोनियाचे वर्णन होते. लेव्होडोपाने दोघे पुष्कळ सुधारले. पण काही वर्षांनी त्यांतल्या मुलीला श्वासाचा गंभीर त्रास सुरू झाला. शेवटी दोघांचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि बीएच-४ बनवण्याच्या अखेरच्या पायरीवरचे एसपीआर हे जनुक बिघडलेले सापडले. अर्थ स्पष्ट होता: सेरोटोनिनही कमी आहे. लेव्होडोपाच्या जोडीला ५-एचटीपी हे सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य दिल्यावर मुलगी पुन्हा खेळाच्या मैदानावर धावू लागली. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. संपूर्ण जनुकवाचनाने थेट औषध बदलले, याचे हे सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक.

शेवटची कडी, लेव्होडोपापासून डोपामिन, तुटली तर लेव्होडोपा देऊन उपयोग नाही. त्याचे पुढे काही होणारच नसते. एएडीसी या एन्झाइमच्या अभावाचे वर्णन १९९० साली लंडनमध्ये किथ हायलंड आणि पीटर क्लेटन यांनी जुळ्या मुलांत केले. ही बाळे मान धरत नाहीत, त्यांचे डोळे तासन्‌तास वर फिरून राहतात, घरच्यांना ती फेफरे वाटते. तैवानमध्ये हा विकार तुलनेने जास्त आढळतो. तिथल्या वुह-लियांग ह्वू आणि सहकाऱ्यांनी निरुपद्रवी विषाणूवर निरोगी जनुक लादून ते थेट मेंदूतल्या पुटामेन या भागात सोडले. २०१२ साली पहिल्या चार मुलांचे निष्कर्ष आले. अंथरुणाला खिळलेल्या त्या मुलांपैकी तीन आधाराने बसू लागली, एक उभे राहू लागले. या उपचाराला युरोपात जुलै २०२२ मध्ये आणि अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. भारतातल्या सामान्य घराला तो आज परवडण्याजोगा नाही.

आणखी एक चमत्कारिक कडी आहे. डोपामिन बनते भरपूर, पण वापरून झालेले पेशीत परत घेणारे वाहक प्रथिनच नसते. मग ते बाहेरच विघटित होते आणि पेशीतला साठा रिता पडतो. २००९ साली मंजू कुरियन आणि सहकाऱ्यांनी असे वाहकाचे जनुक बिघडलेली मुले दाखवली. अशा मुलांनाही सेरेब्रल पाल्सीचा शिक्का बसत आला आहे.

सेरेब्रल पाल्सी हजार जन्मांमागे दोन-तीन बाळांना होते. सेगावा विकार दहा लाखांत एखाद्यालाच, असे इंग्लंड आणि जपानमधले जुने अंदाज सांगतात. डॉक्टरांच्या मनात आधी पाल्सी येणे त्यामुळे स्वाभाविक आहे. पण प्रसूती सुरळीत झाली होती, बाळ लगेच रडले होते, एमआरआय स्वच्छ आहे, त्रास दिवसभरात बदलतो किंवा वर्षागणिक वाढतो आहे, अशा मुलाला पाल्सीचे लेबल लावून फिजिओथेरपीकडे पाठवणे अन्यायाचे आहे. जन्मावेळची इजा वाढत नसते. अशा मुलाला काही आठवडे लेव्होडोपा देऊन पाहणे ही जगभर मान्य असलेली रीत आहे. काही रुपयांच्या गोळीने एखादे आयुष्य बदलण्याची शक्यता असेल, तर ती तपासली गेलीच पाहिजे. सोय असेल तिथे पाठीच्या मणक्यातून पाणी काढून त्यात डोपामिन आणि सेरोटोनिन यांचे अवशेष मोजतात. ते पाणी ताबडतोब गोठवावे लागते, नाहीतर आकडे चुकतात. जनुकचाचणी आता मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होते. केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे.

नात्यातल्या लग्नांविषयीही बोलायला हवे. मामाच्या मुलीशी लग्न ही महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मानाची सोयरीक. सेगावा विकाराला एकच बिघडलेली प्रत पुरते, तेव्हा त्याचा या प्रथेशी संबंध नाही. पण फेनिलकिटोन्युरिया, एएडीसीचा अभाव, वाहक प्रथिनाचा अभाव हे दोन्ही प्रती बिघडल्यावरच होतात. आजोबांची एकच सदोष प्रत नातू आणि नात या दोन वाटांनी खाली येऊन त्यांच्या बाळात जुळण्याची शक्यता अशा लग्नात वाढते. पहिल्या बाळाला असा त्रास असेल तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात तो होण्याची शक्यता चारात एक. जनुकदोष कळला असेल तर गर्भाची तपासणी करता येते. हा दोष एकट्या आईचा नसतो, दोन्ही घरांकडून आलेला असतो, हे सासरच्यांना बसवून सांगण्याची गरज आजही पडते.

आई-वडिलांच्या हातात दोन गोष्टी असतात. पहिली, मोबाइलवर घेतलेले दोन व्हिडिओ: सकाळी उठल्यावरचा आणि संध्याकाळचा, तीच मुलगी, तेच अंगण. सकाळच्या ओपीडीत जे दिसत नाही ते डॉक्टरांना त्यातून दिसते. दुसरी, घरातल्या माणसांची नीट माहिती. जीसीएच-१चा दोष असलेल्या काही व्यक्तींत लहानपणी काहीच दिसत नाही आणि उतारवयात कंप, ताठरपणा सुरू होतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात पार्किन्सनच्या रुग्णांत या जनुकातले बदल अपेक्षेपेक्षा जास्त सापडले. म्हणून एका मुलीचे निदान झाले की डॉक्टर वंशवेल काढायला घेतात: कुठल्या आत्याचा पाय लहानपणापासून अधू मानला गेला, कुठल्या काकांना लिहिताना हात आखडतो म्हणून कारकुनी सोडावी लागली, कुठल्या आजीला पार्किन्सन सांगितला आहे. त्यांचीही तपासणी होते, आणि साठीतल्या एखाद्या आत्यालाही त्याच गोळीने फरक पडू शकतो.